काम करताना आढळली नाही

साहेब, माझ्या भाचीची नोकरी तुम्ही घालवलीत. गुपचूप घालवली असतीत तर मी तुम्हाला साधा वाईट माणूस समजून गप्प बसलो असतो. तुम्ही ती भर दुपारी, हार घालून, फोटो काढून घालवलीत. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही याचंही कात्रण काढाल आणि पुढच्या कार्यक्रमात 'आमच्या कार्याची दखल घेतली गेली' म्हणून वाचून दाखवाल. तुमचा तेवढा अभ्यास आता माझा झाला आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझं लातुरात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, गिरणीतली, कुठलीही जळालेली मोटार आणा. जुनी तार उपसून नवी गुंडाळून देतो. माझी थोरली बहीण गुणाबाई, म्हणजे आमची आक्का, आणि तिची मुलगी शिल्पा माझ्याच घरी राहतात. शिल्पा विशीतली. तिला एखादी गोष्ट शिकायला वेळ लागतो, आणि एकदा शिकली की ती आपल्याला विसरू देत नाही. डॉक्टरांच्या कागदावर याला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला शिल्पा म्हणतो.

तिची शाळा संपली आणि ती घरी बसली. घरी म्हणजे दारात. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, 'कुठं चाललाव?' सकाळच्या वेळी सगळ्यांचं एकच उत्तर, कामाला. एके दिवशी मी चप्पल घालत होतो तर म्हणाली, "मामा, मला सोडून समद्यायला काम हाय."

त्या दिवशी मी दुकानाला उशिरा गेलो, एवढंच.

मग कुणीतरी तुमच्या कार्यालयाची योजना सांगितली. दिव्यांग तरुणांना खऱ्या कामाच्या जागी उभं करायचं, सुरुवातीला शेजारी एक सहायक द्यायचा, मुदत संपेपर्यंत बघायचं आणि जमलं तर जागा पक्की. योजना चांगली आहे. हे मी शुद्धीवर असताना लिहितो आहे. ज्यानं ती पहिल्यांदा कागदावर उतरवली तो भेटला तर मी त्याला हात जोडीन. तो तुमच्या कार्यालयात नसणार, कारण तुमच्या कार्यालयात ती वाचलेली कुणी सापडलं नाही.

मी विचारायला आलो तेव्हा तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात, हे मी मान्य करतो. लातूरची ही पहिलीच केस म्हणालात. पहिली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला तेव्हा माणुसकीची वाटली. सहायकाचं विचारलं तर कळलं, लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच बाई, त्या नांदेडला असतात आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तुम्हीच व्हा की सहायक, तुम्ही म्हणालात, घरचाच माणूस बरा. प्रशिक्षण नांदेडला होईल. आणि कामाची जागा? ती तुम्हीच शोधा, घरचाच माणूस बरा.

म्हणजे योजना तुमची. भाची, सहायक आणि जागा माझी. तुमच्याकडं काय उरलं हे मला तेव्हा विचारायचं सुचलं नाही. उरला होता शुभारंभ.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या पार्वतम्मा मूळच्या निलंग्याच्या पलीकडच्या, अर्धं बोलणं कन्नड. त्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "अय्यो बजरंगप्पा, बेडा, नको रे बाबा. पोरगी उभी राहून राहून पाय सुजतील. लावायचंच असंल तर ब्यांकेत लाव. तिथं समदे बसूनच असतेत." एकानं लोकरीचे रुमाल विणायला लावा म्हणून सांगितलं, लातूरच्या उन्हात ते घेणार कोण, हे त्यानं मला शोधायला ठेवलं. एक जण म्हणाला देवणी गाय घ्या, तिच्या नावानं अनुदान मिळतं. गाय सांभाळणार कोण विचारलं, तर म्हणाला ते मागाहून बघू. गल्लीत एकूण एक माणूस शिल्पाच्या नोकरीवर बोलला. शिल्पा तिथंच दारात बसून सगळं ऐकत होती. तिला कुणी विचारलं नाही.

तिला पहिल्यांदा विचारलं सबिहाभाभींनी. मोहियोद्दीनभाईंची बेकरी आमच्या मागच्या रस्त्याला आहे. त्यांच्या मैदा मळायच्या मशीनची मोटार दर उन्हाळ्यात जळते आणि माझ्याकडं येते, असं आमचं जुनं नातं. मोहियोद्दीनभाई भट्टी बघतात. सबिहाभाभी पॅकिंग बघतात, गल्ला बघतात आणि मोहियोद्दीनभाईंना बघतात. मी भाईंना विचारलं तर त्यांनी पिठाच्या हातानं आत बोट दाखवलं.

भाभींनी माझ्याकडं लक्षच दिलं नाही. शिल्पाला समोर उभं केलं आणि विचारलं, "हाथ धोती क्या रोज?"

शिल्पा म्हणाली, "हाव."

"काम करते वखत बीच बीच में खाती क्या?"

शिल्पानं थोडा विचार केला. "खाते की. खारी असंल तर."

मी कपाळाला हात लावला. भाभी मात्र हसल्या आणि मागं काम करणाऱ्या पोरांकडं वळून म्हणाल्या, "ये सब खाते, पूछे तो नईं बोलते. ये सच बोलरी. कल से भेजो."

एवढी छोटी मुलाखत मी आजवर बघितली नव्हती. उद्यापासून ती कामाला गेली असती, साहेब. पण शुभारंभ व्हायचा होता, आणि शुभारंभाआधी माझं प्रशिक्षण.

नांदेडच्या प्रशिक्षणाला मी पहाटेची एसटी धरून गेलो. वही, पेन, डोळ्यांवरचा चष्मा पुसून. आधी दीपप्रज्वलन. काडीपेटी ओली होती, त्यात पंख्याखाली समई ठेवलेली. मग मान्यवरांचं स्वागत, मग स्वागताध्यक्षांचं स्वागत, मग ज्यांनी स्वागत केलं त्यांचं स्वागत. मग एका पाहुण्यांनी दिव्यांगांच्या अंगी दैवी शक्ती असते यावर जेवणापर्यंत भाषण केलं. जेवणात बासुंदी होती. जेवणानंतर प्रशिक्षक म्हणून पुण्याहून आलेल्या एक बारीकशा बाई उभ्या राहिल्या आणि त्यांना सांगण्यात आलं की सभागृह रिकामं करायचं आहे. त्या बिचाऱ्या माईकवरून घाईघाईनं एकच गोष्ट सांगू शकल्या. सहायकानं पहिल्यांदा शेजारी उभं राहायचं, मग मागं, मग दारात, मग दाराबाहेर. "तुम्ही दिसेनासे झालात की तुमचं काम झालं," त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं. त्यानंतर आम्हा सगळ्या प्रशिक्षणार्थींचा सत्कार झाला.

इथं परक्या मुलखातल्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्या मराठवाड्यात माणसाला काय द्यावं हे सुचलं नाही की सत्कार देतात. शाल, श्रीफळ, हार. बदली झाली, सत्कार. बदली रद्द झाली, सत्कार. पेशंट वाचला तर डॉक्टरचा, नाही वाचला तर प्रयत्न केल्याबद्दल. मी स्वतः चांगली मोटार बांधल्याबद्दल एका गावात शाल घेतलेली आहे, तेव्हा मी काही आभाळातून पडलेला नाही. ती शाल मी अजून पांघरतो. पण ती मोटार आधी चालू झाली होती.

शुभारंभाच्या दिवशी बेकरीच्या दाराला लाल फीत बांधली. तुम्ही येणार होता सकाळी. बेकरीची पोरं फितीच्या बाहेर, भट्टी फितीच्या आत, भट्टीत खारीचे ट्रे. तुम्ही यायचं नाव नाही. आतून वास यायला लागला. मोहियोद्दीनभाई चाळीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस, पण कापायच्या आधी फीत ओलांडायची त्याची छाती होईना. "साहब लोग का फीता है, बजरंगभाई," ते मला म्हणत होते, "तोडे तो अपशकुन." मी वाकून जायला बघितलं तर तुमच्या शिपायानं मला कॉलरला धरून मागं ओढलं. शेवटी तुम्ही आलात, फीत कापलीत, आणि आतून एवढा धूर बाहेर आला की फोटोग्राफर खूश झाला. फोटोला वजन आलं म्हणाला.

आता पुढचंही लिहितो.

सहायक म्हणून मी शिल्पाच्या शेजारी उभा होतो. बेकरीचा नियम म्हणून अंगात पांढरा एप्रन, डोक्यावर ती कागदी टोपी. टोपी लहान होती, कानांच्या वरच थांबली होती. खारी जळाली म्हणून माझा चेहरा उतरलेला. शिल्पा मात्र नवा पंजाबी ड्रेस घालून, वेणीत गजरा माळून, पाहुण्यांच्या खुर्चीत अगदी पाहुण्यासारखी बसलेली. तुम्ही आलात, दोघांकडं बघितलंत आणि निर्णय घेतलात. शाल माझ्या खांद्यावर पडली. नारळ माझ्या हातात. तुम्ही माझ्या गालाला हात लावून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणालात, "घा-ब-रा-य-चं ना-ही हं."

शिल्पा टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं मामाला नोकरी लागली.

मी सांगायचा प्रयत्न केला. पण दिव्यांग माणूस बोलायला लागला की लोक भावुक होतात हे मला तेव्हा कळलं. माझं एकही वाक्य कुणी पुरं होऊ दिलं नाही. बायका डोळे पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो: 'दिव्यांग युवक बजरंग यांना रोजगाराचा हात.' माझी पन्नाशी उलटून गेली आहे. आरती, म्हणजे माझी बायको, फोटो बघून म्हणाली, युवक लिहिलंय ते तरी चांगलं लिहिलंय.

त्यानंतर गल्लीत लोक माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागले. मुरुडचं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं, माझ्याकडं मायेनं बघितलं आणि मोटार न देताच परत घेऊन गेलं. दुरुस्तीचा खुलासा छापा म्हणून मी पेपरवाल्यांकडं गेलो. तिथल्या माणसानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी सोडायला सोबत माणूस दिला. खुलासा दिला नाही.

असो. माझ्या अब्रूचा प्रश्न नाही. असला तरी तो मी वेगळा मांडीन.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं, आणि खरं सांगतो, काम जमत होतं. शिल्पाला पिशवीत टोस्ट भरायला दिले की ती पिशवी फुटेपर्यंत भरायची. रिकामी जागा ठेवणं तिला कंजूषपणा वाटायचा. मी मोठ्या पंडितासारखा तिला वजनकाटा समजावत बसलो. भाभींनी मला कोपरानं बाजूला केलं, पिशवीवर पेनानं एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, "यहां तक." झालं. मग रेघ मारलेल्या पिशव्यांचा गठ्ठाच तिच्या हाताशी असायचा. गिऱ्हाईकांची खोकी दोऱ्यानं बांधायलाही ती शिकली. त्याला बराच वेळ लागला. गाठ सुटायची, दोरा गुंतायचा, ती स्वतःलाच शिव्या द्यायची, भाभी तिला द्यायच्या, मग दोघी चहा प्यायच्या. भाभी तिच्यावर ओरडत तशा सगळ्यांवरच ओरडत, आणि शिल्पा घरी येऊन मोठ्या अभिमानानं आक्काला सांगायची, "आज भाभी मला लई बोलल्या."

गाठ पक्की झाल्यावर ती खोकं दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाला द्यायची आणि मागच्याला हाक मारायची, "पुढचं कोण हाय?" त्या हाकेत असा काही दरारा होता की रांगेत नसलेली माणसंसुद्धा पुढं यायची. काम करताना कुणी गप्पा मारलेल्या तिला चालत नव्हत्या. पार्वतम्मा एकदा पाव घ्यायला आल्या आणि पाय दुखतात का गं विचारायला लागल्या, तर म्हणाली, "पार्वतक्का, पाव घेतलाव ना, आता सरका." पार्वतम्मा गल्लीभर सांगत सुटल्या की पोरगी बिघडली. आक्का ते ऐकून आत जाऊन रडली आणि बाहेर आली ती हसत. माझी बहीण इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपायला लागली होती.

आणि मी? मी शेजारून मागं सरलो. मागून दारापर्यंत आलो. पुण्याच्या बाईंनी सांगितलं तसं.

मग तुमचे लोक यायला लागले.

पहिलं महिला मंडळ आलं. त्यांनी फोटो बघितला होता, एप्रनमधला युवक शोधत होत्या. शिल्पा दिसल्यावर दोन दिव्यांग मिळाले म्हणून दोघांचा सत्कार केला. मग आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. मग एका पतसंस्थेचा वर्धापनदिन. मग कुणाच्या तरी चिरंजीवांचा वाढदिवस, तो म्हणे 'अनोख्या पद्धतीनं' साजरा करायचा होता. मुरुडहून एक मंडळ खास जीप करून आलं. सगळे येणार सकाळी अकराच्या सुमारास, कारण तेव्हा उजेड फोटोला चांगला असतो. तीच बेकरीच्या गर्दीची वेळ. शिल्पाला हातातलं खोकं खाली ठेवायला लावायचं, खुर्चीत बसवायचं, शाल घालायची, भाषण करायचं. एकानं तर गिऱ्हाइकांची रांग बाजूला करून तिथं बॅनर लावला. शिल्पा सुरुवातीला खूश असायची. मग कंटाळली. मग मला विचारायला लागली, "मामा, ही मान्सं पाव का घेईनात?"

घरात शालींचा ढीग लागला. आरतीनं त्यांचे पडदे केले. भाभींनी काही मळलेल्या कणकेवर झाकायला घेतल्या. शालीत मैदा लई छान फुगतो असं त्यांचं मत पडलं. नारळांचं काय करायचं कळेना. शेवटी मोहियोद्दीनभाईंनी खोबऱ्याची बिस्किटं काढली. ती अशी काही चालली की भाई रोज संध्याकाळी मला हळूच विचारायचे, "कल कोई सत्कार है क्या?" सत्काराला आलेले पाहुणे जाताना तीच बिस्किटं घेऊन जायचे. आपलाच नारळ आपण विकत घेतोय हे एकालाही कळलं नाही.

तुमच्या कार्यालयाकडून पाहणी करायला पुनम मॅडम यायच्या. बाई वाईट नाहीत. स्कुटीवरून उन्हात येतात, पाणीसुद्धा स्वतःचं आणतात. पण त्यांच्याकडं एक तक्ता असतो आणि त्यात एक रकाना असतो: लाभार्थी काम करताना आढळली, होय किंवा नाही. पहिल्यांदा आल्या तेव्हा शिल्पा शाल पांघरून पतसंस्थेचं भाषण ऐकत होती. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा चिरंजीव केक कापत होते. मी त्यांना विनवलं, जरा थांबा, हे लोक गेले की बघा कशी गाठ बांधते. त्यांना औशाला जायचं होतं. त्यांनी लिहिलं, नाही. मग एका आंतरराष्ट्रीय दिनाला त्या आल्या, तेव्हा बेकरीत चिटपाखरू नव्हतं. शिल्पा मान खाली घालून खोकी बांधत होती. मला वाटलं, आज झालं. मॅडमनी स्कुटीच्या डिकीतून पुष्पगुच्छ काढला. कार्यालयाकडून सत्कार करायचा आदेश होता. शिल्पाला खुर्चीत बसवलं, गुच्छ दिला, फोटो काढला, आणि मग तक्ता भरायला घेतला. बाईंनी माझ्याकडं बघितलं, खुर्चीतल्या शिल्पाकडं बघितलं आणि खाली मान घालून लिहिलं, नाही.

मी वैतागून बेकरीच्या दारावर पाटी लावली: 'येथे सत्कार स्वीकारले जात नाहीत.' आठवड्यात एक संस्था आली. असा पुरोगामी विचार मांडल्याबद्दल त्यांना माझा सत्कार करायचा होता. पाटीखालीच केला.

मग एकाच आठवड्यात तुमच्याकडून दोन टपालं आली. पहिल्यात होतं की लाभार्थी प्रत्येक भेटीत काम करताना आढळली नाही, सबब तिची नेमणूक थांबवण्यात येत आहे. यापुढे तिला भट्टीजवळ उभं केल्यास जबाबदारी मालकाची. मोहियोद्दीनभाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. नोटिसीला ते फितीपेक्षाही भितात. "मेरी तो बेटी है, बजरंगभाई, लेकिन कागज नहीं तो कल मेरीच भट्टी बंद करते ये लोग." भाभी तावातावानं काही बोलल्या, ते मी इथं लिहीत नाही, तुमच्या घरच्यांचा त्यात उल्लेख होता. शिल्पाचा एप्रन त्यांनी खुंटीवरून काढू दिला नाही.

दुसऱ्या टपालात निमंत्रण होतं. नांदेडला योजनेचा 'यशोगाथा' सोहळा. यशस्वी लाभार्थी म्हणून कु. शिल्पा हिचा साहेबांच्या हस्ते सत्कार.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीवर सही एकच होती.

मी जाणारच नव्हतो. पण शिल्पानं विचारलं, तिथं कामाचे साहेब असतात का? मी म्हटलं, असतात. तर म्हणाली, "मग चल. त्यायला सांगू." तिनं पर्स भरून घेतली. काय भरलं ते मी बघितलं नाही.

नांदेडचा तोच हॉल. तीच समई, तोच पंखा. मी तिच्याबरोबर मंचाच्या पायरीपर्यंत गेलो आणि तिथं मला ते आठवलं, वहीत लिहिलेलं. मी मागं फिरलो, रांगा ओलांडून दारात आलो, आणि दाराच्याही बाहेर जाऊन उभा राहिलो. फटीतून मंच दिसत होता. तिनं एकदाही मला शोधलं नाही.

निवेदिकेनं नाव घेतलं. तुम्ही शाल उघडलीत, तिच्या खांद्यावर घातलीत आणि फोटोग्राफरकडं बघून हसलात. तुमचं हसू संपायच्या आत शिल्पानं शाल काढली होती. टेबलावर ठेवून घडी घातली. पाहुण्यांना भेटवस्तू द्यायला आणलेल्या रिकाम्या कागदी पिशव्या तिथंच होत्या. एक उचलली, शाल आत सरकवली. पर्समधून बेकरीच्या दोऱ्याचं रीळ काढलं, पिशवीला आडवा-उभा वळसा दिला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला. आणि दोन्ही हातांनी पिशवी तुमच्या पुढं धरली.

"घ्या," ती म्हणाली. मग तुमच्या खांद्यावरून मागं बघत, माईकला गरज पडू नये अशा आवाजात, "पुढचं कोण हाय?"

मागं पाहुणे उभे होते. त्यांच्या शाली टेबलावर गठ्ठ्यानं ठेवलेल्या. काय झालं कुणाला कळलं नाही, पण ती हाकच तशी आहे. एक पाहुणे पुढं आले. तिनं त्यांची शाल घेतली, घडी, पिशवी, दोरा, गाठ. घ्या. पुढचं कोण हाय? दुसरे आले. तुम्ही पिशवी धरून तिथंच उभे होता, तर म्हणाली, "साहेब, घेतलाव ना, आता सरका."

तुम्ही सरकलात.

हॉलमध्ये हसू पसरलं. निवेदिका कागद हातात घेऊन रांगेत लागली. मंचावरची शेवटची शाल बांधून होईपर्यंत ते चाललं. मग शिल्पानं टेबलावर पडलेले दोऱ्याचे तुकडे तळहातानं गोळा केले, भाभी करायला लावतात तसे, आणि खाली उतरली. पुनम मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर तक्ता होता.

बाहेर मी त्यांना गाठलं. बघितलंत ना, म्हटलं. बघितलं, त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खोटं बोलत नव्हते. पण हे कार्यक्रमाच्या रकान्यात जातं, कामाच्या नाही. बदल करायचा तर साहेबांनी करायला हवा. तुम्ही तेव्हा गाडीत बसत होता. पिशवी तुमच्या मांडीवर होती. मी हाक मारली. तुम्ही काचेतून मला ओळखलंत, आणि ओठ मोठे करून, सावकाश म्हणालात, "घा-ब-रा-य-चं ना-ही हं."

परतीच्या एसटीत शिल्पा खिडकीशी बसून झोपली. लातूर जवळ आल्यावर जागी झाली आणि म्हणाली, "साहेबानं घेतली पिशवी. आता बोलवतेल."

तेव्हापासून ती रोज सकाळी केस विंचरून, चप्पल घालून दारात उभी असते. आता ती कुणाला कुठं चाललाव विचारत नाही. मला विचारते, "आला का निरोप?" मी नाही म्हणतो. ती चप्पल काढत नाही. दुपारी आक्का तिला जेवायला बोलावते तेव्हाच काढते. आक्काची दुपारची झोप गेली आहे.

तेव्हा साहेब, माझं भाषण नाही, माझा एकच प्रश्न आहे. तो तुमच्याच तक्त्यातला आहे. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच मंचावर, तुमच्याच शालीवर, लाभार्थी काम करताना आढळली का? होय किंवा नाही. एवढंच लिहून खाली ती तुमची सही करा.

आणि उत्तर टपालानं पाठवा. स्वतः घेऊन येऊ नका. आलात तर अकराच्या सुमारास याल, आणि येताना हार आणाल.